पहिलीच्या मुलांना वाचते-लिहिते करताना: नव्या शिक्षकांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि नुकताच शिक्षण सेवक म्हणून रुजू झालेला शिक्षक पहिलीच्या वर्गासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती पाठ्यपुस्तक असते, वेळापत्रक असते आणि वरून आलेल्या सूचनाही असतात. समोरच्या चोवीस मुलांपैकी कोणाला काय येते आणि उद्या कोणाला काय द्यायचे, हे मात्र यांपैकी कशातही लिहिलेले नसते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात एका द्विशिक्षकी शाळेत मी सतरा वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र शिकवत आहे. पहिली तीन-चार वर्षे मी पाठ पूर्ण करत होते, पण मूल कुठे आहे हे पाहत नव्हते, आणि त्याची किंमत काही मुलांनी मोजली. तुमच्या वर्गात तसे होऊ नये म्हणून पुढील पायऱ्या लिहीत आहे. गावातील वाचनवर्ग चालवणाऱ्या स्वयंसेवकांना आणि अंगणवाडी सेविकांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

आधी जमवायचे साहित्य

- प्रत्येक मुलासाठी पाटी आणि पेन्सिल. वही लगेच हातात देण्याची घाई करू नये.
- ताटात किंवा पत्र्याच्या पसरट डब्यात चाळलेली बारीक वाळू.
- जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेली अक्षरकार्डे आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांची वेगळी छोटी कार्डे.
- चित्रे मोठी आणि ओळी थोड्या अशी पंधरा-वीस गोष्टींची पुस्तके, मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर दोरीला टांगलेली.
- दोनशे पानी एक जाड वही. ही वही म्हणजे या साऱ्या कामाचा कणा आहे आणि तिच्याविषयी पाचव्या पायरीत सविस्तर लिहिले आहे.
- प्रत्येक मुलाच्या नावाचा एक मोठा लिफाफा, ज्यात त्याने लिहिलेले कागद तारखेसह साठवता येतील.

पायरी १: पहिले दोन आठवडे फक्त ऐका आणि पाहा

नाशिक जिल्ह्यात पहिलीचा वर्ग एकाच भाषेत बोलत असेल, असे गृहीत धरू नका. सटाणा, कळवण, मालेगावकडील घरांतून अहिराणी येते, पेठ-सुरगाण्याकडील मुले आपली कोकणी बोली घेऊन येतात, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांत घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुले मराठी शाळेच्या बाकावर बसलेली असतात. ही मुले गप्प बसली म्हणजे त्यांना बोलता येत नाही, असा अर्थ होत नाही. घरच्या भाषेत ती बाजारातील भांडण हावभावांसकट सांगू शकतात, आणि ते त्यांना वर्गात सांगू द्यावे, कारण ज्याला गोष्ट सांगता येते त्याला पुढे लिहिलेल्या गोष्टीचा अर्थही लवकर सापडतो.

याच दिवसांत प्रत्येक मुलाच्या हातात एकदा पुस्तक द्या आणि काही न सांगता पाहा. ते पुस्तक सुलटे धरते का, पान कोणत्या बाजूने उलटते, “कुठून वाचायचे?” असे विचारल्यावर बोट चित्रावर ठेवते की ओळीच्या सुरुवातीला, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. पारले-जीचा कागद किंवा एसटीच्या पाटीवरचे ‘नाशिक’ ओळखणारे मूल अजून अक्षरे वाचत नसते, पण लिहिलेल्या खुणांना अर्थ असतो हे त्याला उमगलेले असते. ज्या घरात छापील कागद क्वचितच येतो तिथल्या मुलाला ही समज शाळेनेच द्यायची असते, आणि ती येण्याआधी बाराखडी सुरू केली तर त्याच्या दृष्टीने ती नुसतीच रेघोट्यांची यादी ठरते.

पायरी २: अक्षराआधी कान तयार करा

नव्या शिक्षकांकडून सर्वाधिक दुर्लक्षित होणारी पायरी हीच आहे, म्हणून इथे थोडे थांबते.

मुलांना शब्दांवर टाळ्या वाजवायला सांगा. ‘घर’ या शब्दावर बहुतेक मुले एकच टाळी वाजवतात आणि ‘कपबशी’वर तीन: कप, ब, शी. त्यांचे काही चुकत नाही, कारण मराठीत आपण ‘घर’ म्हणताना शेवटचा ‘र’ पूर्ण उच्चारत नाही आणि तो आधीच्या ध्वनीला चिकटून जातो. कागदावर मात्र ‘घर’मध्ये दोन अक्षरे असतात आणि ‘कपबशी’मध्ये चार. बोलण्यातील तुकडे आणि लिहिण्यातील तुकडे यांत हा जो फरक आहे, तिथेच असंख्य मुले अडकतात. मूल ‘घ’ ओळखते, ‘र’ ओळखते, दोन्ही मोठ्याने म्हणते, आणि तरीही ‘घर’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही, कारण ‘घऽ’ आणि ‘रऽ’ असे सुटे म्हटल्यावर जे कानावर पडते ते त्याने घरी कधी ऐकलेलेच नसते. अशा वेळी “लक्ष दे” असे म्हणून काहीही साधत नाही. दोन्ही ध्वनी तुम्ही स्वतः आधी सावकाश, मग जवळ आणत, मग एका दमात म्हणून दाखवा, आणि मुलाला तुमच्याबरोबर म्हणू द्या. हे खेळ म्हणून रोज दहा मिनिटे पाटीशिवाय चालले पाहिजे. मी तोडून शब्द म्हणायचे आणि मुलांनी जोडून सांगायचा, मग त्यांनी तोडायचा आणि मी जोडायचा. ‘म’ने सुरू होणाऱ्या भाज्या, शेवटी ‘ळ’ येणारे शब्द, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, असे प्रश्न मुलांना फार आवडतात.

पायरी ३: अक्षरे गटाने द्या, वर्णमालेच्या क्रमाने नव्हे

‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सारी अक्षरे संपल्यावर काना-मात्रा आणि त्यानंतर शब्द, हा क्रम मुलाला कित्येक महिने एकही अर्थपूर्ण वाक्य वाचू देत नाही. त्याऐवजी ‘म’, ‘न’, ‘र’, ‘क’ ही चार अक्षरे आणि त्यांच्याबरोबर लगेच काना घ्या. एवढ्यावर कान, नाक, मका, मामा, काम, कमान, नकार हे शब्द तयार होतात आणि “काका, काम करा” हे पूर्ण वाक्यही वाचता येते. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या बळावर वाक्य वाचलेल्या मुलाचा चेहरा तुम्ही पाहाल, तेव्हा गटपद्धतीचा आग्रह का धरायचा हे आपोआप पटेल.

गट करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. घ आणि ध, ब आणि व, भ आणि म, थ आणि य, प आणि ष या जोड्या दिसायला इतक्या जवळच्या आहेत की एकाच गटात आल्या तर गोंधळ पक्का होतो. त्यामुळे एक अक्षर पुरते बसल्यानंतर काही आठवड्यांनी दुसरे द्यावे. दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी शिकवावी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते पण उच्चार नंतर होतो, आणि डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाची तिथे हमखास फसगत होते. शिवाय मराठीत ‘आणि’सारखे अपवाद सोडले तर शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटीच येते, त्यामुळे मी, ती, नदी, काकी, घरी असे रोजचे शब्द मुलाला तिच्यामुळे लगेच वाचता येतात.

‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे दोन उच्चार आहेत. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चार’मधला ‘च’ वेगळा आहे, हे मुलाच्या कानाला तुमच्याआधी जाणवते आणि ते गोंधळून तुमच्याकडे पाहते. दोन्ही उच्चार उघडपणे सांगून टाकावेत.

पायरी ४: लिहिणे पहिल्या दिवसापासून, पण मुलाचे स्वतःचे

फळ्यावरचे उतरवून काढणे म्हणजे लेखन नव्हे. मुलाला जे सांगायचे आहे ते त्याने रेघोट्यांत, चित्रात, येतील त्या अक्षरांत लिहावे, आणि काय लिहिले ते तोंडाने वाचून दाखवावे. आमच्या गावाभोवती द्राक्षबागा आहेत, त्यामुळे प्रत्येक मुलाला ‘द्राक्ष’ हा शब्द लिहायचा असतो. त्यात रकाराचे जोडाक्षर आहे आणि शेवटी ‘क्ष’ आहे, म्हणजे क्रमिक नियोजनाप्रमाणे तो शब्द फार पुढचा. मुले त्यासाठी थांबत नाहीत आणि आपण त्यांना थांबवूही नये.

एका मुलीच्या लिफाफ्यातील चार कागद मी आजही नव्या शिक्षकांना दाखवते. ऑगस्टमध्ये तिने बागेच्या चित्राखाली ‘दश’ लिहिले. ऑक्टोबरमध्ये, छाटणीच्या दिवसांत, ‘दराश’ लिहिले. डिसेंबरमध्ये ‘दराक्श’ आणि फेब्रुवारीत, काढणी भरात असताना, ‘द्राक्ष’. पहिल्या कागदावर तिने शब्दाची सुरुवात आणि शेवट पकडला होता. दुसऱ्यावर मधला ‘र’ तिला ऐकू आला होता आणि काना कुठे द्यायचा हेही कळले होते. तिसऱ्यावर ‘क्ष’च्या आत लपलेला ‘क’ तिने स्वतःच्या कानाने शोधून काढला होता, जे मी तिला कधीच शिकवले नव्हते. लाल पेनाने पाहिले तर यांतील तीन कागद चुकीचे आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी तसेच पाहत होते. तेव्हाचा एक मुलगा, ज्याच्या पाटीवर मी दोन-तीनदा फुल्या मारल्या होत्या, वर्षअखेरपर्यंत ‘काका’, ‘मामा’, ‘नाक’ एवढेच शब्द लिहीत राहिला, कारण त्या शब्दांवर फुली येत नाही हे त्याला कळले होते. चुकीच्या शब्दाखाली बरोबर शब्द शांतपणे, नीट अक्षरात लिहून द्यावा आणि मुलाने जे बरोबर ऐकले ते त्याला नाव घेऊन सांगावे.

उलटी अक्षरे काढणे या वयात सर्रास आढळते. त्यावरून मुलाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नका. वाळूत मोठ्या आकारात, खांद्यापासून हात फिरवत अक्षर गिरवू दिले की बहुतेकांचे ते मागे पडते.

पायरी ५: प्रत्येक मुलाची नोंद ठेवा

दोनशे पानी वहीत प्रत्येक मुलाला आठ पाने द्या. रोज चार मुले ठरवा आणि इतर मुले पाटीवर किंवा पुस्तकांत रमलेली असताना एकेकाजवळ पाच मिनिटे बसा. चोवीस मुलांचा वर्ग असेल तर सोमवार ते शनिवार एक फेरी पूर्ण होते. चाळीस मुले असतील तर फेरीला दोन आठवडे लागतील, आणि तेवढेही पुरेसे आहे.

नोंदीत चार गोष्टी असाव्यात: तारीख, काय वाचायला दिले, मूल नेमके काय बोलले, आणि उद्या मी काय करणार. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. “वाचन समाधानकारक” असे लिहून काहीच कळत नाही. “‘घरी’ला ‘धरी’ म्हणाली, पुढचा ‘जा’ वाचल्यावर थांबली, मागे आली आणि ‘घरी जा’ असे नीट वाचले” असे लिहिले तर महिन्याभरानंतरही तुम्हाला त्या मुलीचे वाचन ऐकू येते.

सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘घर’ला ‘धर’ म्हणणारे मूल अक्षराचा आकार पाहत आहे, त्याला या दोन अक्षरांवर काम द्यावे. ‘कमळ’ला ‘कमान’ म्हणणारे मूल पहिली दोन अक्षरे पाहून अंदाज बांधत आहे, त्याला शब्दाच्या शेवटापर्यंत बोट न्यायला शिकवावे. आणि ‘माझे नाव’ या शब्दांवर बोट ठेवून ‘मनं नाव’ असे वाचणारा सटाण्याकडचा मुलगा चुकलेला नसतोच. त्याने मराठी शब्द वाचला, त्याचा अर्थ लावला आणि तो आपल्या आईच्या अहिराणीत सांगितला, म्हणजे वाचनाचे खरे काम त्याने पूर्ण केले. त्याला “अगदी बरोबर, पुस्तकात ते कसे लिहिले आहे ते आता पाहू” असे म्हणावे. जिथे मूल आपणहून थांबते, मागे जाते आणि दुरुस्त करते, तिथे वहीत एक ठळक खूण करा. अशा खुणा वाढू लागल्या की ते मूल स्वतःच्या वाचनावर लक्ष ठेवू लागले आहे, असे खुशाल समजावे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला पाठांतराचा. पाठ्यपुस्तकातील कविता घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे बोट कुठे आहे ते पाहा. माझ्या वर्गातील एक मुलगी पूर्ण पान न अडखळता म्हणत असे, पण तिचे बोट दोन ओळी मागे असायचे. मधला एखादा शब्द झाकून दुसरा दाखवला तेव्हा तिला तो वाचता आला नाही, आणि हे लक्षात यायला मला दिवाळी उजाडली. म्हणून प्रत्येक फेरीत मुलाने पूर्वी न पाहिलेली एक तरी ओळ द्या.

दुसरा सापळा तयार नोंदींचा. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि वर्णनात्मक नोंदी लिहिणे आपल्या कामाचा भाग झाले. हेतू असा की प्रत्येक मुलाविषयी वेगळे काही लिहिले जावे. आज मात्र या नोंदींच्या छापील याद्या मिळतात, मोबाइलवर फिरतात, आणि “स्पष्ट उच्चारात वाचन करतो” हे वाक्य एका वर्गातील नऊ मुलांपुढे उतरलेले दिसते. वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. पण पाच मिनिटांची वही नियमित ठेवली तर सत्राच्या शेवटी तीतूनच वर्णनात्मक नोंदी थेट उचलता येतात आणि वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

पायरी ६: उद्दिष्टे समजून घ्या, घड्याळाच्या आहारी जाऊ नका

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या, लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानुसार पहिलीच्या अखेरीस मुलाने अपरिचित मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये अर्थासह वाचावीत, दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द वाचावेत, अशी अपेक्षा आहे. ही उद्दिष्टे योग्यच आहेत. अडचण तेव्हा होते, जेव्हा घड्याळ लावून शब्द मोजले जातात आणि “मग शेळी कुठे गेली?” हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. पहिलीत घड्याळ वापरूच नये. दुसरीत सत्रातून एकदा वापरले तरी चालते, पण मिळालेला आकडा शेजारच्या मुलाच्या आकड्याशेजारी न मांडता त्याच मुलाच्या मागील आकड्याशेजारी मांडावा.

पायरी ७: पालकांशी बोलताना

“तुमचा मुलगा मागे आहे” हे वाक्य कधीही उच्चारू नका. लिफाफा उघडा आणि जूनचा कागद व आजचा कागद शेजारी ठेवा. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही अशा आईवडिलांनाही त्या दोन कागदांतील फरक दिसतो. त्यांना करता येण्याजोगी गोष्ट सांगा: रात्री जेवताना मुलाला दिवसभरातले काही सांगायला लावावे, आजीने गोष्ट सांगावी, मुलाने रोज एक ओळ वाचून दाखवावी आणि घरच्यांनी ती हातातले काम थांबवून ऐकावी.

एखादे मूल फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत असेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्या दिवशी अशा मुलांची नावे वेगळी काढून ठेवावीत, आणि पथक यायला अवकाश असेल तर पालकांना ग्रामीण रुग्णालयात जाण्यास सांगावे. नियमित उपस्थिती आणि नियमित शिकवणे असूनही वर्षअखेर मोजकीच अक्षरे ओळखणाऱ्या मुलाबाबत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांशी बोलावे. त्या वेळी तुमची वही बरोबर न्या. मुलावर स्वतःच कोणताही शिक्का मारू नका.

पायरी ८: स्थलांतरित मुलांची नोंद त्यांच्याबरोबर पाठवा

द्राक्षाच्या छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ, सुरगाणा भागातील कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे कामाला येतात. त्यामुळे एका शाळेतून मूल अचानक दिसेनासे होते आणि दुसऱ्या शाळेत अचानक येऊन बसते. नव्या शाळेत त्याला बहुधा पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसवतात, आणि काढणी संपवून घरी परतल्यावर तेच पुन्हा घडते. अशा मुलांना नव्या शाळेत शिक्षण पुढे चालू ठेवता यावे म्हणून आधीची शाळा शिक्षण हमी कार्ड देते. पालक निघण्याच्या आधी ते हाती पडेल याची काळजी घ्या, कारण ट्रक किंवा टेम्पो बहुतेक वेळा पहाटे निघतो. सप्टेंबरमध्येच पालकांना जाण्याची साधारण तारीख विचारून वहीत लिहून ठेवावी.

कार्डाबरोबर स्वतःच्या अक्षरात एक पान जोडा. त्यावर मुलाला पक्की येणारी अक्षरे आणि स्वरचिन्हे, अजून घोटाळा होणाऱ्या जोड्या, घरी बोलली जाणारी भाषा, त्याने अलीकडे स्वतः लिहिलेला एक शब्द जसाच्या तसा, आणि त्याला आवडणारी एक गोष्ट, एवढे लिहावे. तुमच्या वर्गात असे मूल पानाशिवाय आले, तर त्याला लगेच ‘क’ गिरवायला न देता पाटी-पेन्सिल द्या, तुला येते ते लिही असे सांगा, आणि पाच मिनिटे शेजारी बसून ते काय लिहिते ते पाहा. वहीत त्याच्या नावाचे पान त्याच दिवशी सुरू करा, ते तीनच महिने राहणार असले तरीही.